धाकटीच्या कपड्यांचा कागद

हातकागदाच्या त्या कारखान्यात मावशीला मावशी म्हणत नाही असा एकही माणूस नव्हता. मालक तिच्याहून आठ वर्षांनी मोठे, तेही मावशीच म्हणायचे. दाबयंत्रावरचा दाबकाका तर तिचा बाप शोभला असता, पण तोसुद्धा "मावशी, ताव आले का?" असं दिवसातून दहा वेळा ओरडायचा. खरी भाची मात्र एकच होती. ती दोन वर्षांची असल्यापासून हौदाशेजारी खेळायची, "मावशी, मावशी" करून कारखाना डोक्यावर घ्यायची, आणि तिच्या तोंडचा शब्द हळूहळू सगळ्यांच्या तोंडी बसला. म्हणजे मावशीला अख्ख्या कारखान्याची मावशी केलं ते त्या पोरीने. पुढचं सांगण्याआधी हे सांगून ठेवलेलं बरं, कारण ते आठवलं की माझ्या तळपायाची आग अजून मस्तकात जाते.

मावशीचं काम हौदावरचं. हौद म्हणजे कमरेएवढा उंच सिमेंटचा चौकोन आणि त्यात चिंध्या कुटून केलेला, दुधासारखा पातळ लगदा. जाळी बसवलेली लाकडी चौकट दोन्ही हातांनी त्यात बुडवायची, आडवी वर उचलायची आणि पाणी गळून जायच्या आत एकदा पुढे-मागे, एकदा डावी-उजवीकडे हलवायची. त्या हलवण्यातच कागद होतो नाहीतर बिघडतो. मग चौकट लोकरीच्या ओल्या फडक्यावर पालथी दाबली की ताव फडक्यावर उतरतो. असे दिवसाला तीनशे ताव, आणि शेवटचा ताव पहिल्याच्याच जाडीचा. मालक कधी पाहुण्यांना घेऊन आले की ढिगातले कुठलेही दोन ताव काढून तराजूत टाकायचे, काटा जागचा हलायचा नाही आणि पाहुणे चाट पडायचे. मावशी तिकडे बघतही नसे. ताव सारखे येणार नसतील तर इतकी वर्षं पाण्यात हात घालून उभं राहायचं कशाला, असं तिचं सरळ म्हणणं होतं.

तिची बहीण धाकटी. घरात दोघींना मोठी आणि धाकटी असंच म्हणत. धाकटी चारचौघींत उठून दिसणारी, बोलायला गोड आणि अंगावर काहीतरी चकाकतं घातल्याशिवाय दाराबाहेर न पडणारी. ती एका मोठ्या दुकानात अत्तरांच्या काउंटरवर उभी असायची. नवरा लग्नानंतर तीन वर्षांत दुसरीकडे संसार थाटून मोकळा झाला, तेव्हा पोर दोन वर्षांची होती. दुकानात पोर चालत नव्हती, कारखान्यात चालली. सकाळी धाकटी दारातूनच पोरीला आत सोडायची, भिजलेल्या चिंध्यांच्या वासाने नाकाला रुमाल लावायची, "मोठे, तुला उलटी कशी होत नाही गं इथे?" असं विचारायची आणि टाचा वाजवत निघून जायची. बाई वाईट नव्हती. पोरीवर जीव होता तिचा, रात्री कितीही दमली तरी पोरीचे केस विंचरल्याशिवाय झोपायची नाही. पण कारखान्याचा उंबरठा ओलांडून ती आत आली असेल ती आयुष्यात दोनदा, आणि दोन्ही वेळा बाहेर पाऊस होता म्हणून.

पोर सतत काहीतरी उचलून कुठेतरी नेत असायची. बटण, दोऱ्याचं टोक, लगद्याचा गोळा. म्हणून दाबकाकाने तिचं नाव मुंगी ठेवलं. कारखान्यात तिला सगळीकडे मोकळीक होती, फक्त चिंध्यांच्या खोलीत जायची बंदी होती. तिथे फळ्यांवर उभी पाती ठोकलेली असत, बायका त्यांवर कापडं फाडत, आणि धूळ अशी की मोठी माणसंही खोकून बेजार व्हायची. त्यामुळे मुंगीला हौद पाठ झाला, पण कुठली चिंधी घेतात आणि कुठली बाहेर फेकतात हे तिने कधी पाहिलं नाही. ती सात वर्षांची झाली तेव्हा मावशीने जुन्या चौकटीच्या लाकडातून आणि उरलेल्या पितळी जाळीतून वहीच्या पानाएवढी एक चौकट तिच्यासाठी करून घेतली. पहिला ताव मुंगीने उचलला तो मधोमध भोक असलेला. त्या भोकाला एक डोळा लावून तिने मावशीकडे बघितलं आणि मावशी इतकी हसली की हौदात पडता पडता वाचली. ती चौकट हौदाशेजारच्या खिळ्याला टांगलेली असायची आणि मुंगी कॉलेजात गेली, मोठी झाली, तरी तिला दुसऱ्या कुणी हात लावलेला मावशीला चालत नसे.

कॉलेज म्हणजे चित्रकलेचं. धाकटीचं म्हणणं, पोरीने नोकरी धरावी. मावशी म्हणाली, शिकू दे. आणि शिकू दिलं. त्यासाठी काय काय केलं ते मावशीने कधी कुणाला सांगितलं नाही, मीही सांगत नाही.

शिकून मुंगी परत आली ती डोक्यात एक खूळ घेऊन. मी खूळ म्हणतो, पण ते खोटं नव्हतं. कागदावर चित्र काढायचं नाही, कागद हेच चित्र, असं ती म्हणायची.

"म्हणजे वर काय काढणार?" दाबकाकाने विचारलं. यंत्राच्या आवाजाने त्याचे कान गेलेले, त्यामुळे तो साधा प्रश्नही भांडल्यासारखा विचारायचा.

"काहीच नाही."

"मग चित्र कुठंय?"

"काका, लगदाच चित्र आहे. कुठे जाड, कुठे पातळ, कुठे फाटलेला, एकावर एक चढवलेला. आता जगभर करतात असं."

"आमच्याकडे असा ताव आला की मालक शिव्या देतात," दाबकाका म्हणाला आणि दाबयंत्राचा दांडा फिरवायला गेला.

मावशीची मात्र गंमत झाली. तीस वर्षं ज्या चुका होऊ नयेत म्हणून ती डोळ्यांत तेल घालून जपत आली, नेमक्या त्याच चुका मुंगीला हव्या होत्या. कड फाटकी हवी. एका बाजूला जाड आणि दुसरीकडे इतका पातळ की पलीकडची बोटं दिसावीत. सुरुवातीला मावशीचे हात ऐकेनात, ताव आपोआप सारखा यायचा. चूक मुद्दाम करणं हे बरोबर करण्याहून अवघड असतं, हे तिला पन्नाशीत कळलं. मुंगीने स्वतः उचलून बघितलं, पण तिचं मनगट मऊ, सगळा लगदा एका कोपऱ्यात जाऊन बसायचा. चार-पाच रविवार घालवून ती म्हणाली, "तू उचल ना मावशी, मी सांगते." तेव्हापासून मुंगी हातात कागदाचा चिटोरा घेऊन उभी राहायची, "इथे अजून पातळ, इथे भोक पडू दे" असं सांगायची आणि मावशी ते करायची. मावशीला त्यात कमीपणा वाटला का? मुळीच नाही. पोर पुन्हा हौदाशी आली होती, मावशीचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

अशात धाकटी गेली. चार दिवसांच्या आजारात हां-हां म्हणता गेली. मुंगी तेव्हा सत्तावीस वर्षांची होती, पण दोन वर्षांच्या पोरीसारखी मावशीच्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर येऊन बसली आणि तीन दिवस चहाशिवाय तिने तोंडात काही घातलं नाही. चौथ्या दिवशी ती धाकटीची पत्र्याची ट्रंक घेऊन कारखान्यात आली.

"मावशी, आईच्या कपड्यांचा कागद कर. नऊ ताव. दाराएवढे मोठे. प्रत्येक ताव आईच्या एका झग्याचा."

ट्रंकेत तेवीस झगे होते. मुंगी गेल्यावर मावशीने चिंध्यांच्या खोलीत बसून ते एकेक हातात घेतले. नायलॉन, टेरिलीन, रेशमासारखं दिसणारं पण रेशीम नसलेलं काहीबाही. कागद होतो सुती कापडाचा. असलं कापड कितीही शिजवा, कितीही कुटा, त्याचा लगदा होत नाही. ते कुटायच्या यंत्राच्या कण्याला दोरखंडासारखं गुंडाळून बसतं आणि यंत्र बंद पाडतं. हे बोटांना कळलं होतं, तरी मावशीने खात्री केली. अंगणात बसून प्रत्येक झग्याचा एक धागा काढून काडीने पेटवला. सुती धाग्याची राख होते. ह्या धाग्यांचे कडक काळे मणी झाले. तेवीस धागे, तेवीस मणी. धाकटी आयुष्यभर चकाकत राहिली होती, आणि तिच्या कपड्यांत कापसाचं एक बोंडही नव्हतं.

सांगायला हवं होतं. तिथल्या तिथे मुंगीला बोलावून सांगितलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण तीन दिवसांचं उपाशी तोंड डोळ्यांसमोर, आणि आता "तुझ्या आईचं काही म्हणजे काहीच होणार नाही" हे कुठल्या तोंडाने सांगायचं? मावशीने घरी जाऊन आपलं कपाट उघडलं. सुती चादरी काढल्या. कामावर बांधायचे पांढरे एप्रन काढले, धुऊन धुऊन मऊ पडलेले, तीस वर्षांतले एकूण अकरा उरले होते. तरी लगदा कमी पडेल असं वाटलं तेव्हा तळाशी ठेवलेलं एक गाठोडं सोडलं. त्यात मुंगीची दुपटी होती. धाकटीला शिवण येत नव्हतं, दुपटी मावशीने शिवली होती आणि पोर चालायला लागल्यावर मावशीनेच जपून ठेवली होती. ती हातात घेऊन मावशी थोडा वेळ बसली. मग तीही फाडली.

आणि अगदीच खोटं नको म्हणून तिने एक केलं. धाकटीच्या प्रत्येक झग्याच्या आतल्या शिवणीतून, बाहेरून दिसणार नाही अशा जागेवरून, चार-चार धागे काढले, बारीक कातरले आणि ताव उचलायच्या आधी हौदात सोडले. लगदा पांढरा, आणि त्यात निळे, तांबडे, सोनेरी ठिपके. "बाकीचा रंग शिजवताना उडाला," तिने मुंगीला सांगितलं. "थोडे कपडे उरलेत, ते ठेवून देते." मुंगीने ओल्या तावावरच्या निळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि ती ढसाढसा रडली. मावशीला वाटलं, आपण केलं ते बरोबर केलं.

दाराएवढी चौकट एकट्याने उचलत नाही. दुसऱ्या टोकाला दाबकाका असायचा. नऊ तावांना दोन महिन्यांचे रविवार लागले. सातव्या तावाच्या वेळी मावशीचा डावा खांदा धरला, चौकट फडक्यावर उतरवताना कोपर वर राहिलं आणि कोपरावरून ओघळलेले पाच-सहा थेंब ओल्या तावावर पडले. थेंब पडला की तिथे कागद विरळ होतो, गोल चट्टा उठतो. नवशिक्यांची चूक. मावशीच्या हातून ती पंचवीस वर्षांत झाली नव्हती. तिने लाजेने ताव परत हौदात धुवायला घेतला तर मुंगी आडवी आली.

"राहू दे गं! सुंदर दिसतंय. कुणाला कळणार आहे?"

त्याच दिवशी, हात पुसता पुसता, मुंगी म्हणाली, "प्रदर्शनाच्या उद्घाटनाला तू यायचंस हं. मी सगळ्यांसमोर तुझ्याबद्दल सांगणार आहे. तू नसतीस तर मला हौद कुठे माहीत होता?"

मावशी "चल, काहीतरीच" म्हणाली. पण ते वाक्य तिने मनात घट्ट धरून ठेवलं. भिंतीवर नाव, वर्तमानपत्रात फोटो, तसलं तिला काही नको होतं. आपल्या पोरीने चार माणसांत एवढंच म्हणावं, की हे मी माझ्या मावशीकडून शिकले. आयुष्यात तिने कुणाकडे काही मागितलं नव्हतं. हे एक मनातल्या मनात मागितलं.

उद्घाटनाला मावशी आणि दाबकाका दोघे गेले. मावशीने ठेवणीतले बूट घातले होते. हॉल मोठा, भिंती पांढऱ्या, आणि नऊ ताव वरून तारांनी सोडलेले. मागून दिवे असल्यामुळे पातळ जागा उजळल्या होत्या. मावशी दारातच थांबली. आपल्या हाताने केलेली वस्तू इतकी देखणी असू शकते हे तिला माहीत नव्हतं, आणि ते दाखवून दिलं मुंगीने, हेही खरं. तिला पोरीचा खूप अभिमान वाटला.

दाराजवळ भिंतीवर मजकूर होता. मावशीचा चष्मा घरी राहिला होता, म्हणून दाबकाकाने वाचून दाखवला. हळू वाचणं त्याला येत नाही.

"'स्मृती, स्पर्श आणि अनुपस्थिती,'" तो ओरडला. "हे काय ते मला विचारू नकोस. पुढे बघ. 'चित्रकर्तीची आई हातकागदाच्या कारखान्यात हौदावर कामाला होती. आईच्या पायाशी खेळताना चित्रकर्तीने ही कला आत्मसात केली. आईच्या निधनानंतर, आईने शिकवलेल्या पद्धतीने, आईच्या कपड्यांपासून तिने हे नऊ ताव स्वतःच्या हातांनी उचलले आहेत.'"

आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. दाबकाकाने मजकूर पुन्हा एकदा खालून वर बघितला.

"धाकटी?" तो म्हणाला. "आपल्या कारखान्यात? कधी?"

मावशीला वाटलं, त्याने चुकीचं वाचलं. तिने डोळे बारीक करून अक्षरं जवळून बघितली. 'आई' हा शब्द चष्म्याशिवायही वाचता येत होता. 'मावशी' हा शब्द तिने सगळ्या ओळींतून शोधला. तो नव्हता. कुणी काही चोरून नेलं असतं तर ओरडता तरी आलं असतं. इथे तिची तीस वर्षं जशीच्या तशी उचलून धाकटीच्या नावावर केली होती, आणि धाकटीचा राग तरी कसा धरायचा, ती बिचारी नाकाला रुमाल लावून केव्हाच निघून गेली होती.

सातव्या तावापुढे गर्दी होती. एक तरुण आपल्या मैत्रिणीला त्या गोल चट्ट्यांकडे बोट दाखवून सांगत होता की ताव ओला असताना चित्रकर्तीचे अश्रू त्यावर पडले. मैत्रिणीचे डोळे भरून आले. मावशीने आपलं डावं कोपर उजव्या हातात धरलं.

मग मुंगी दिसली. काळा पोशाख, केस वर बांधलेले, सोबत कुठल्या तरी संग्रहालयाच्या उंच बाई. मावशीला बघून ती क्षणभर गडबडली आणि मग हसली.

"या आमच्या मावशी," ती त्या बाईंना म्हणाली. "कारखान्यात असतात. खूप मदत होते यांची."

असतात. यांची. जन्मात कधी मावशीला अहो-जाहो न केलेली पोर. त्या उंच बाईंनी आपल्या घरच्या मोलकरणीकडे बघून हसावं तसं हसून मान हलवली आणि दोघी पुढे गेल्या. भाषण झालं. मुंगीने हॉलच्या मालकांचे आभार मानले, कॉलेजातल्या सरांचे मानले, तारा लावणाऱ्यांचे मानले, दिवे लावणाऱ्यांचेही मानले, आणि शेवटी डोळे पुसत आईचे मानले. मावशी शेवटच्या शब्दापर्यंत उभी होती. आता म्हणेल, आता म्हणेल, असं तिला टाळ्या वाजेपर्यंत वाटत होतं.

आठ दिवसांनी मुंगी कारखान्यात आली, जेवणाच्या सुट्टीत, हातात केकचा खोका घेऊन. मावशी हौदाच्या कडेला बसली होती. हौदाच्या तोटीखालची गाळणी, वाया जाणारा लगदा अडवायची, महिनाभर फाटलेली होती आणि ती त्या भोकाकडे बघत होती.

"मावशी, तू रागावलीस का?"

"भिंतीवर ते कुणी लिहिलं?"

"हॉलवाल्यांनी. म्हणजे, मी सांगितलं, त्यांनी लिहिलं."

"तुझी आई हौदावर होती?"

मुंगी शेजारी बसली. "अगं, पहिल्या मुलाखतीत मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, कागद कुठे शिकलात? मी म्हटलं, घरीच. त्या म्हणाल्या, आईकडून? आईच्या कपड्यांचा कागद आणि आईकडूनच शिकलेली कला, अगदी अंगावर काटा आला म्हणाल्या. मी हो म्हणून गेले. मग सगळीकडे तेच छापून आलं."

"नाही म्हणायचं होतंस."

"कसं म्हणणार? आई दुकानात, तू हौदावर, आई मला सोडून जायची, तू सांभाळायचीस… मावशी म्हटलं की गोष्ट लांबते गं. लोक उभ्या उभ्या वाचतात."

हे ती दुष्टपणाने म्हणाली नाही. खोटी गोष्ट कशी आटोपशीर होते हे तिने अगदी मोकळेपणाने सांगितलं, आपल्या माणसाला सांगावं तसं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, पण कापणाऱ्याला आपण कापतोय हे ठाऊकही नसावं, याचं मावशीला जास्त लागलं.

"आणि स्वतःच्या हातांनी उचलले म्हणून?"

"कल्पना माझी होती ना मावशी?"

"होती," मावशी म्हणाली. ते खरं होतं आणि खऱ्याला ती नाही म्हणणाऱ्यांतली नव्हती.

मुंगीला वाटलं, मिटलं. तिने केकचा खोका उघडला. "ऐक ना. त्या संग्रहालयाला अजून बारा ताव हवेत. ह्याच मालिकेतले. आईचे उरलेले कपडे आहेत ना तुझ्याकडे?"

मावशी उठली. चिंध्यांच्या खोलीतल्या वरच्या फळीवरून तिने पत्र्याची ट्रंक काढली, हौदाच्या कडेवर आणून ठेवली आणि झाकण उघडलं.

"इतके उरलेत?" मुंगीचा चेहरा खुलला. तिने एक झगा उचलला, दुसरा उचलला. मग तिचा हात थांबला. तिच्या हातात निळा झगा होता, गळ्याला चमकी लावलेला. हॉलमधल्या पहिल्या तावाखालच्या पाटीवर लिहिलं होतं, 'आईचा निळा झगा'. तिने खालचे बाहेर काढले. तांबडा. सोनेरी काठाचा. सगळे होते, घडी घालून, एकही फाटलेला नव्हता.

"हे काय आहे?"

"तुझ्या आईचे कपडे. तेवीस आहेत. त्यांचा कागद होत नाही मुंगे, त्यात सूतच नाही. प्रत्येकाचा धागा जाळून बघितला मी."

"मग ते ताव कशाचे आहेत?"

"ठिपके आईचे. शिवणीतले धागे घातलेत. बाकी माझ्या चादरी, माझे एप्रन. आणि तुझी दुपटी. मी शिवलेली."

मुंगीचा चेहरा पांढराफटक पडला. "तू मला फसवलंस. मी त्या तावांना धरून रडले, मावशी."

"हो, फसवलं," मावशी म्हणाली. "तू जेवत नव्हतीस."

तिला माहीत होतं की पोरीला हे लागणार, आणि लागू दे, असंही आज पहिल्यांदाच तिला वाटत होतं. पण त्याखाली अजून एक आशा होती, लाज वाटावी अशी. आता मुंगी तो निळा झगा छातीशी धरेल. आता दुपट्यांचं विचारेल, कसली होती, कुठल्या रंगाची होती. आता एकदा तरी आपल्याकडे बघेल.

मुंगीने झगा ट्रंकेत ठेवला. दाराकडे बघितलं. पलीकडे दाबकाका यंत्राला टेकून डुलक्या काढत होता.

"हे अजून कुणाला माहीत आहे?" तिने हळूच विचारलं.

मावशीने तिच्याकडे नीट बघितलं.

"कुणालाच नाही."

मुंगीने सुटकेचा श्वास सोडला, अगदी ऐकू येईल असा. मावशीचा हात हातात घेतला, दाबला. "मग कुणाला सांगू नकोस हं. प्लीज, मावशी. आणि ते बारा ताव… आता कशाचेही चालतील. धागे तेवढे आईचे घाल."

मावशीने हात सोडवून घेतला.

"हौद इथे आहे," ती म्हणाली. "दाराएवढी चौकट भिंतीला उभी आहे. ट्रंक तुझी. उचल तुझ्या हातांनी."

"असं काय गं करतेस? मला येत नाही, तुला माहितीय."

"मला माहितीय," मावशी म्हणाली.

मुंगी बराच वेळ घुटमळली. एकदा लाडीगोडीने, एकदा रडून, एकदा चिडून तिने विचारून बघितलं. मावशी बधली नाही. ती कुणाला सांगणार नव्हतीच, मुंगीने गळ घातली म्हणून नव्हे. सांगितलं तर मुंगीच्या तोंडाला काळं फासलं जाईल आणि ते तोंड तिने लहानपणापासून पुसलेलं होतं. शेवटी मुंगी गेली. ट्रंक तिने तिथेच ठेवली. जड होती म्हणाली, नंतर नेईन.

मावशीने ट्रंक बंद करून परत फळीवर चढवली. मग हौदाशेजारच्या खिळ्यावरून वहीच्या पानाएवढी ती छोटी चौकट खाली काढली, मांडीवर घेतली आणि सुरीच्या टोकाने तिच्या जाळीचे खिळे एकेक करून उपटायला लागली. दाबकाका जागा झाला होता.

"मावशी, ती मुंगीची ना?" तो ओरडला.

"गाळणी केव्हाची फाटलीय काका," मावशी म्हणाली. "लगदा वाया जातो."

तिने पितळी जाळी सोडवून घेतली, भोकावर ठेवून बघितली, कडा दुमडल्या आणि सुताने घट्ट शिवली. जाळी जुनी असली तरी चांगली होती, बरोबर बसली. जेवणाची सुट्टी संपायच्या आत तिने गाळणी तोटीखाली लावून टाकली.